तीन कापडं, दोन काठ्या

१

फाट्यावर काठ्या नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी कमलाने त्या स्वतःच्या हाताने ठोकल्या होत्या. तीन बांबू, प्रत्येकाच्या टोकाला लाल कापड, आणि खालून दोन फुटांवर मार्करने काढलेलं काळं वळं, काठी बर्फात किती आत गेली ते कळावं म्हणून. सिव्हिलमध्ये पीएचडी करणारी, मातीवर काम करणारी मुलगी. काठी ठोकली तरी मोजूनच ठोकणार. फाट्यापासून डावी वाट डोंगरमाथ्याकडे जाते आणि उजवी ओढ्यावरच्या जुन्या ओंडक्यांच्या साकवाकडे. साकव कुजलाय, हिवाळ्यात ती वाट बंद, असं रेंजर ऑफिसच्या बोर्डावर लिहिलेलं होतं. म्हणून उजव्या वाटेच्या तोंडावर तिने तीन काठ्या ओळीने उभ्या केल्या होत्या.

आता शनिवारी सकाळी पावणेदहाला, लताकाकूंना सांभाळत ती सगळ्यांच्या मागून फाट्यावर पोचली, तर तिथे पुढे गेलेल्यांचे माग, आणि काठ्यांच्या जागी नुसतं बर्फ. आणि उजवीकडून, झाडांच्या पलीकडून, माणसाची किंकाळी.

सहा जण पिस्कॅटवे गावाहून आले होते. पुढच्या महिन्यात तिथल्या मराठी मंडळाची चाळीस माणसं या कॅटस्किलच्या डोंगरात, पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली रुंद स्नोशू बांधून, हाइकला येणार होती, त्याआधी ट्रेलची कंडिशन बघून यायची, एवढंच काम. मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबककाका, त्यांच्या पत्नी लताकाकू, सॉफ्टवेअरवाला अवधूत, स्टुडंट अतुल आणि बासष्ट वर्षांचे पुरुषोत्तमकाका. सह्याद्रीतले चाळीस किल्ले पायाखाली घातलेले, आणि ते चाळीसही दर जेवणाला पुन्हा एकदा चढणारे. शुक्रवारी भाड्याने स्नोशू घेताना दुकानदाराने सोबत पोल दिले, तर काकांनी स्वतःची जोडी परत केली. "रायगड हात हलवत चढलोय मी. मला काठी देता?"

सहावी कमला, या सगळ्यांची लीडर. दोन हिवाळे तिने युनिव्हर्सिटीच्या क्लबबरोबर याच डोंगरात काढले होते, म्हणून तिला नेमलं होतं. नेमताना मीटिंगमध्ये दोन भुवया वर गेल्या होत्या, त्या तिने पाहिल्या होत्या.

तिने काकूंना फाट्यावर थांबवलं आणि धावत गेली. साकवाचा मधला ओंडका मोडून पुरुषोत्तमकाका ओढ्यात गेले होते. पाय भलत्याच बाजूला वळलेला, कमरेपर्यंत कपडे भिजलेले. अवधूत आणि अतुलने त्यांना वर ओढलं. कमला तशीच मागे फिरून खाली मुक्कामाच्या केबिनमधल्या फोनकडे पळाली, कारण तिच्याएवढं जलद बर्फात दुसरं कुणीच चाललं नसतं. बाराच्या सुमाराला रेंजरनी काकांना स्लेडच्या घसरगाडीवर घालून खाली आणलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना ते कण्हत म्हणाले, "काठ्या नव्हत्या गं तिथे. असत्या तर मी गेलो असतो का?"

हे सगळ्यांनी ऐकलं.

एक वाजता त्र्यंबककाकांनी केबिनमधल्या टेबलावर एक कागद ठेवला. रेंजरला लेखी जबाब हवा होता. काकांनी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, की लीडर शुक्रवारी वर गेलीच नाही, बंद वाट तिने अडवली नाही, आणि अडवल्याचं खोटं सांगितलं. खाली सहीसाठी रेघ, रेघेखाली तिचं नाव टाइप करावं तसं रेखीव.

"सही कर. विषय संपव," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना पुढे केलं की हे असं होतं."

कमलाने मान वर केली. "तुम्हा लोकांना म्हणजे?"

"म्हणजे... स्टुडंट लोकांना," काका म्हणाले. पण त्या आधी एक क्षण ते थांबले होते, आणि तो क्षण खोलीतल्या प्रत्येकाला कळला. कमला नागपूरच्या इंदोऱ्याची, तिच्या पिस्कॅटवेच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती आहे, हे मंडळात माहीत नसलेलं कोण होतं?

"मी वर गेले होते. मी काठ्या ठोकल्या होत्या," ती म्हणाली. "सही करणार नाही."

२

चारला नवीन बर्फ सुरू होणार, असं रेडिओ सांगत होता. एकदा ते पडलं की फाट्यावर जे काही उरलं असेल ते पुढच्या एप्रिलपर्यंत गाडलं जाणार. कमलाने जॅकेट चढवलं.

"कुठे निघालीस?" त्र्यंबककाकांनी विचारलं.

"पुरावा आणायला."

"काही गरज नाही. परत वर जायचं नाही, मी अध्यक्ष म्हणून सांगतोय."

"मंडळाचे अध्यक्ष तुम्ही आहात, काका. डोंगराचे नाही."

तिने दार उघडलं. मागून लताकाकूंचा आवाज आला, "थांब गं, मी पण येते." काका बघतच राहिले. काकू सकाळी दोनशे पावलांवर एकदा बसत होत्या. "बघता काय? ही एकटी गेली आणि काही घेऊन आली, तर तुम्हीच म्हणाल तिनेच आत्ता नेऊन टाकलं. मी डोळ्यांनी बघते. चल गं."

वाटेत काकू धापा टाकत म्हणाल्या, "खरं सांग. गेली होतीस ना काल?"

"गेले होते, काकू."

"बरं. मग मला काही विचारायचं नाही."

हे एवढंच वाक्य. पण त्याने कमलाला रडू आलं. रडू यायला तिने तीन मिनिटं दिली. त्यानंतर डोळे पुसले, कारण त्या थंडीत पापण्या चिकटतात.

फाट्यावर स्लेडने आणि माणसांनी सगळं तुडवून ठेवलं होतं. पण तिसरी काठी कमलाने वाटेच्या पार कडेला, एका फरच्या झाडापाशी ठोकली होती, आणि तिथवर ती वाट सोडून दहा पावलं चालत गेली होती. तिकडे ती गर्दी फिरकली नव्हती. ती कडेला गेली आणि मटकन गुडघ्यांवर बसली.

"काकू, इकडे या. ही बघा माझी पावलं."

काकूंनी पाहिलं. पावलं खड्ड्यांसारखी खाली गेलेली नव्हती. बर्फाच्या वर आली होती. स्नोशूच्या आकाराचे दहा छोटे चौथरे, प्रत्येक चार बोटं उंच.

"अगं बाई! हे उलटं कसं?"

"माझ्या वजनाने खालचं बर्फ दाबलं जाऊन घट्ट झालं. काल रात्रभर वारा होता ना? त्याने आजूबाजूचं भुसभुशीत बर्फ उडवून नेलं. दाबलेलं तेवढं उरलं. मातीचंही असंच असतं, आम्ही लॅबमध्ये हेच करतो. वारा पहाटे सहाला थांबला. म्हणजे ही पावलं वाऱ्याच्या आधीची. कालची."

हातच्या काकणाला आरसा कशाला! काकूंनी स्वतःच्या हाताने एक चौथरा थोपटून पाहिला. तो दगडासारखा लागला.

कमलाने स्वस्तातला कॅमेरा काढून तीन फोटो घेतले. चौथा घेताना तिचा हात थांबला. चौथऱ्यांच्या शेजारून आणखी एक माग जात होता. हे मात्र खड्डे होते. गुडघाभर खोल, धारदार काठांचे, आणि त्यात वाऱ्याने उडवलेल्या बर्फाचा कणही नव्हता.

हे कुणीतरी वारा थांबल्यावर आलं होतं. आणि त्याच्या पायात स्नोशू नव्हते.

३

खड्डे फरच्या झाडामागे गेले होते. तिथे खालच्या फांद्यांखाली बर्फ उकरून कुणीतरी घाईघाईने बुजवलं होतं. कमलाने हातमोज्यांनी ते उपसलं. आधी एक लाल कापड निघालं, मग दुसरं, मग तिसरं. तिन्ही गाठी सोडवून काढलेली. मग एक बांबू. मग दुसरा. दोन्हीवर काळं वळं.

काकूंनी पुढे हात घातला, अजून खणलं. खाली फक्त सुया आणि माती.

"कापडं तीन. काठ्या दोनच," काकू म्हणाल्या. "तिसरी कुठे गेली?"

बर्फाचा पहिला कण कमलाच्या बाहीवर पडला.

खाली उतरताना ती मोठ्याने हिशेब मांडत होती आणि काकू हुंकार देत होत्या. सहानंतर कुणीतरी वर आलं. नऊला सगळे निघाले तेव्हा सगळ्यांच्या पायांत स्नोशू होते, आणि काकांना न्यायला आलेले रेंजरही स्नोशूवरच होते. म्हणजे बिनस्नोशूचा माणूस सहा ते नऊच्या मधला. अर्धा मैल वर, अर्धा मैल खाली.

"पण स्नोशू का नाही घातले त्याने?" काकूंनी विचारलं.

"कारण भाड्याचे पाच जोड अवधूतच्या व्हॅनमध्ये लॉक होते आणि किल्ली त्याच्या खिशात. माझे माझ्या खाटेखाली."

काकू थबकल्या. "म्हणजे अवधूत नव्हे! किल्लीवाला कशाला गुडघाभर बर्फात पाय तोडेल?"

"आणि मीही नव्हे."

"मग उरलो चौघं." काकूंनी बोटांवर मोजलं. "मी, आमचे हे, अतुल आणि पुरुषोत्तम भावजी. आमचे हे आठपर्यंत ढाराढूर होते, त्या घोरण्याची मी साक्ष देते, पंचवीस वर्षं ऐकतेय. आणि मी गेले असते तर अजून फाट्यावरच बसले असते." त्या खो खो हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "भावजी तर स्वतःच पाय मोडून बसलेत. म्हणजे अतुल?"

कमला तशीच पुढे चालत राहिली. अतुल तिच्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसायचा. तिच्या डब्यातली भाजी खायचा.

४

केबिनमध्ये त्र्यंबककाकांनी काठ्या आणि कापडं पाहिली आणि मान फिरवली. "वाटेत आळस आला, झाडाखाली टाकून आली, एवढंच यातून दिसतं."

"मी पावलं पाहिलीत," काकू म्हणाल्या.

"तुला काय कळतं बर्फातलं?"

"काल नव्हतं कळत."

कमला अवधूतकडे वळली. तो सोफ्यावर छातीशी हात बांधून बसला होता. "हो, मला लीडर व्हायचं होतं," तो स्वतःहूनच म्हणाला. "मीटिंगमध्ये मी तुझ्या अगेन्स्ट बोललो. म्हणून काय काठ्या उपटीन? वर बर्फ तुडवत कोण जाणार यार! मी पुरुषोत्तमकाकांच्या पाठोपाठ गेलो, कारण पुढे त्यांचा माग होता आणि काठ्या नव्हत्या."

"माहीत आहे. तू नव्हतास."

अवधूतचे हात सुटले. या उत्तराची तयारी त्याने केली नव्हती.

"अतुल, तू सकाळी किती वाजता उठलास?"

"साडेआठला! पोहे संपत आले होते. का?" मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "कमला, तुला वाटतं मी? अगं माझे बूट तर लाकूड झाले होते! गरम पाणी ओतून पायात घातले, मोजे अजून ओले आहेत."

बुटांचं ते एक प्रकरण झालंच होतं. केबिनच्या मालकाने बजावलं होतं, बूट आत ठेवा, बाहेर गोठतील. पण लताकाकूंनी शेकोटीवरच्या फळीवर गणपती मांडला होता. देवाच्या खोलीत पायताणं कशी आणू देतील? शुक्रवारी रात्री सगळ्यांचे बूट पोर्चवर रांगेत गेले आणि सकाळी दगड होऊन परत आले. नऊला निघताना निम्मं केबिन जमिनीवर बसून बुटांशी झुंजत होतं.

कमला काकूंकडे वळली. "रात्री बूट कुणी लावले रांगेत?"

"मीच. सहा जोड. ही माणसं कुठेही टाकतात."

"आणि सकाळी?"

काकूंनी डोळे मिटले. घर आवरणाऱ्या बाईला कुठे काय होतं ते डोळे मिटूनच दिसतं. "मी दार उघडून एकेक जोड आत घेतला. तुझे, यांचे, अवधूतचे, अतुलचे, माझे..." त्या थांबल्या. "पाच. पाचच होते गं. आणि या सोफ्याखाली सकाळी पाण्याचं तळं होतं. मला वाटलं, छप्पर गळतंय. मीच पुसलं."

हॉलमधल्या त्या सोफ्यावर, दाराजवळ, रात्री कोण झोपलं होतं, हे कुणी मोठ्याने म्हणालं नाही. पोहे खाताना पायांवर शाल ओढून कोण बसलं होतं, तेही प्रत्येकाला आठवलं.

"काहीतरीच," त्र्यंबककाका म्हणाले, पण आवाज खाली गेला होता. "पाय मोडून पडलाय तो माणूस. स्वतःसाठी खड्डा कोण खणतो?"

कमलाने विचारलं, "अतुल, मी फोनला पळाले तेव्हा तुम्ही त्यांचा पाय कशाने बांधला?"

"माझा बेल्ट, अवधूतचा मफलर, आणि काठी. काकांचीच होती, हातात..."

तो बोलता बोलता थांबला. रायगड हात हलवत चढलेल्या माणसाच्या हातात काठी कुठून आली, हा प्रश्न त्या खोलीत आता कुणालाच विचारावा लागला नाही.

५

रविवारी सकाळी पाचही जण हॉस्पिटलमध्ये गेले. रात्रीतून फूटभर बर्फ पडलं होतं. पुरुषोत्तमकाकांचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. त्र्यंबककाकांच्या खिशात तो कागद अजून होता. फेकायचं धाडस त्यांना झालं नव्हतं आणि काढायचंही.

"कसं वाटतंय, काका?" कमलाने विचारलं.

"ठीक. तुला बोलणार नाही मी जास्त. चूक होते माणसाची."

"होते ना." तिने नर्सला विचारून कोपऱ्यातलं कपाट उघडलं. कपड्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीमागे बांबू उभा होता. तिने तो उजेडात धरला. खालून दोन फुटांवर काळं वळं.

काकूंनी पाहिलेलं सगळं तिने एकेक करून सांगितलं. वर आलेली पावलं, खाली गेलेली पावलं, व्हॅनची किल्ली, पाच जोड बूट, सोफ्याखालचं पाणी. आवाज चढवला नाही. "आणि ही काठी, काका. माझी आहे. मी काठ्या ठोकल्याच नव्हत्या, तर तुमच्या पायाला कशी बांधली गेली?"

काकांनी काठीवरून नजर काढून घेतली.

"पोस्टकार्डावर पाहिला होता मी तो धबधबा," काका शेवटी छताकडे बघत म्हणाले. "साकवापलीकडे. पूर्ण गोठलेला. म्हटलं, सगळ्यांना दाखवू. आणि ही पोरगी वाट बंद म्हणते! चाळीस किल्ले चढलेल्या माणसाने एका पोरीच्या लाल चिंध्या बघून मागे फिरायचं? पहाटे जाऊन उपटल्या. उतरताना आधाराला एक राहिली हातात, तीच घेऊन नऊला तुमच्या पुढे निघालो." त्यांनी ओठ चावला. "सह्याद्रीत कुजलेलं लाकूड दिसतं गं. पायाने चाचपता येतं. इथे बर्फ सगळंच सारखं करतं. मला ते माहीत नव्हतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं ते मी काठीवर बांधून ठेवलं होतं," कमला म्हणाली.

त्र्यंबककाकांनी घसा खाकरला. "झालं ते झालं. वडीलधारे आहेत, दुखण्यात आहेत. रेंजरला आपण ॲक्सिडेंट म्हणून सांगू. कुणाचंच नाव नको."

"काल का नाही म्हणालात हे?" कमला त्यांच्याकडे वळली. "काल झालं ते झालं नव्हतं, काका. काल एक नाव हवं होतं, आणि ते तुम्ही विचारायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी! मी नाही चढणार सुळावर. आणि काल एक सांगायचं राहिलं तुमचं. तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला?"

त्र्यंबककाकांनी बायकोकडे पाहिलं. लताकाकू म्हणाल्या, "सांगा की. मलाही ऐकायचंय."

ते कान लाल करून खिडकीबाहेर बघत राहिले. आणि कमलाला एकाएकी कळलं, की या माणसाच्या उत्तराची तिला गरजच नाही. प्रश्न विचारून झाला होता, आणि तो आता मंडळाच्या प्रत्येक मीटिंगला त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसणार होता.

"तो कागद दे इकडे, त्र्यंबक," पुरुषोत्तमकाका म्हणाले.

कागद हातात आल्यावर त्यांनी तो पूर्ण वाचला. मजकुरावर आडवी रेघ मारली, रेघेखालचं कमलाचं नावही खोडलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. काठ्या होत्या. मी काढल्या. खाली सही केली. कमलाने ते बघितलं आणि तिचं मन पाघळलं नाही, पण कडूही राहिलं नाही. तिने कागदाची घडी करून आतल्या खिशात ठेवली.

ती काठी उचलून निघाली तेव्हा काका मागून म्हणाले, "कमला, ती राहू दे माझ्याकडे. उठल्यावर चालायला लागेल."

"तुम्हाला हॉस्पिटल कुबड्या देईल, काका," ती दारात थांबून म्हणाली. "ही वाट अडवायला लागेल. पुढच्या महिन्यात चाळीस माणसं घेऊन येतेय मी."

दुपारी फाट्यावर तिने तिन्ही काठ्या पुन्हा ओळीने ठोकल्या. लताकाकूंनी कापडं बांधली, अवधूत आणि अतुलने बर्फ दाबून दिलं. त्र्यंबककाका खाली व्हॅनमध्ये हीटर लावून बसले होते. तिसऱ्या काठीचं काळं वळं बर्फाला टेकलं, तेव्हा कमलाने हातोडा खाली ठेवला.